टॅपेट आवळून गप्प केलेली अँबॅसडर

गाडी १९६८ ची अँबॅसडर मार्क टू. १४८९ सीसीचं मूळचं पेट्रोल इंजिन अजून जागेवर. तक्रारी तीन होत्या: स्लोला मिसिंग (मध्येच ठोका चुकणं), उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दाबला की निळा धूर, आणि टॅपेटचा, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेचा, आवाज. मालकांचं मागणं मात्र एकच, "तेवढं टॅपेट आवळून द्या की." आवळणं, म्हणजे स्क्रू फिरवून वॉल्व्हवरचं अंतर कमी करणं, आधी दुसरीकडे होऊन गेलं होतं, आणि गाडी बिघडली होती ती त्यामुळेच. इंजिन बदलायचा प्रश्न नव्हता. त्यांना 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज नंबर घ्यायचा होता. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात लागतं.

पाना हातात घेण्याआधी इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावलं. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन स्लोला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे दोनेक इंच कमीच धरायचे. पुस्तकातला आकडा इथे शोधत बसलं तर चांगलं इंजिनही आजारी वाटेल. या गाडीचा काटा १४ वर थरथरत होता आणि ठरावीक ठोक्याला आणखी दोन-तीन इंच खाली पडत होता. रेस केल्यावर थरथर थांबली, ठोक्याची पडझड राहिली. स्लोला थरथरून रेसला स्थिर होणारा काटा म्हणजे गाईड (वॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) ढिले. उलट, रेससोबत थरथर वाढली असती तर आधी स्प्रिंगवर संशय घेतला असता. आणि नियमित पडणारा काटा म्हणजे एखादा वॉल्व्ह हेडमधल्या आपल्या सीटवर नीट बसत नाही.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घेतलं: ११८, १२०, ७८, ११६ पौंड. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडून परत घेतलं तर ८१. रिंगचा दोष असता तर आकडा चांगलाच वर गेला असता. मग तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणला, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, चाकांना ठोकळे लावले (नाहीतर हवेच्या दाबाने क्रँक फिरते) आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा दिली. सायलेन्सरच्या नळीत स्पष्ट फुसफुस. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट निर्दोष. दोषी तिसऱ्याचा एक्झॉस्ट वॉल्व्ह.

या इंजिनात समोरून वॉल्व्ह मोजले तर १, ४, ५, ८ एक्झॉस्ट आणि २, ३, ६, ७ इनलेट. रॉकर (वॉल्व्ह दाबणारा झुलता हात) आणि वॉल्व्हच्या टोकामधलं अंतर सगळ्यांना सारखंच, गरम इंजिनावर १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). मोजताना नऊची बेरीज लक्षात ठेवायची: आठवा पूर्ण उघडा असताना पहिला, सहावा उघडा असताना तिसरा, चौथा उघडा असताना पाचवा, सातवा उघडा असताना दुसरा, मग हेच उलट. पाच नंबरला, म्हणजे तिसऱ्याच्याच एक्झॉस्टला, फिलर गेजची १५ ची पाती शिरेचना, ६ ची कशीबशी गेली. बाकी एक्झॉस्टही ८-९ वर आवळलेले. इनलेट बरोबर १५, आणि आवाज नेमका तिथूनच. चालू इंजिनात रॉकरखाली पाती सरकवली की सहा नंबरचा आवाज कमी व्हायचा.

याचं कारण रॉकरच्या पॅडवर होतं. वर्षानुवर्षं वॉल्व्हचं टोक आपटून पॅडला खळगा पडतो. फिलर गेजची सपाट पाती त्या खळग्यावर डबक्यावर टाकलेल्या फळीसारखी बसते. पाती १५ सांगते, खरं अंतर त्याहून जास्त. रॉकर हाताने हलवून डायल गेजवर पाहिलं तर सहा नंबरला २२ थाऊ निघाले. वर बुश झिजलेले आणि शाफ्टला खालून पायऱ्या पडलेल्या. हा आवाज स्क्रूने जाणारच नाही. जावा म्हणून आवळत गेलं की इनलेट ऐकत नाहीत आणि एक्झॉस्टचा बळी जातो. गरम झाल्यावर त्याची दांडी लांबते, अंतर संपतं, वॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट वॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. टेकलाच नाही तर कड जळते. वाजणारा टॅपेट वर्षभर चालेल, गप्प केलेला एक्झॉस्ट महिनाभरात जळेल.

हेड उतरवताना एक गोष्ट बरेच जण विसरतात. रॉकर स्टँडचे चार नट हेडचेही नट आहेत. नुसता रॉकर शाफ्ट काढायचा असला तरी पाणी काढून हेडचे सगळे नट थोडे थोडे ढिले करावे लागतात, नाहीतर हेड वाकडं ताणलं जातं आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पुशरॉडही (टॅपेटवरून रॉकरला ढकलणाऱ्या सळ्या) सरळ वर खेचायचे नाहीत. तेलाने खालचा टॅपेट (कॅमवर चालणारा दट्ट्या) चिकटून वर येतो आणि आडवा पडतो. आधी पिळून सोडवायचे, आणि पुठ्ठ्यात भोकं पाडून नंबराने लावायचे.

पाच नंबरच्या वॉल्व्हची कड एका बाजूला खाल्लेली होती, सीट खोल बसलेली. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. त्याआधी शिशाचा थर या बिडाच्या सीटांना सांभाळायचा. आता जोरात पळवली की सीट झिजते, वॉल्व्ह वर सरकतो आणि अंतर आपोआप कमी होतं. म्हणजे आवळणाऱ्याने निम्मं काम केलं, उरलेलं सीटने.

उद्यमनगरात मशीन शॉपला देताना क्रम लिहून दिला: आधी गाईड, मग सीट. गाईड बदलल्यावर केंद्र सरकतं, त्यामुळे सीट आधी कापली तर मेहनत वाया. जुनी गाईड वर किती निघालीत ते मोजूनच नवी ठोकली. रिमर मारून इनलेटला दीड ते अडीच थाऊ, एक्झॉस्टला दोन ते तीन थाऊ ढिलाई ठेवली. एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट, खाचेपेक्षा तीन-चार थाऊ मोठे, हेड गरम करून बसवले. कटिंग ४५ अंशांचं, वरून ३० आणि खालून ६० चा कटर मारून सीटची रुंदी एक्झॉस्टला साधारण पावणेदोन मिलिमीटर, इनलेटला सव्वा-दीड. मार्किंग ब्ल्यू लावून छाप वॉल्व्हच्या मध्यावर पडतो का पाहिलं, मग बारीक पेस्टने हलकं लॅपिंग. पेस्टने तासन्‌तास घासून सीट 'जमवायची' पद्धत मला पसंत नाही. त्यात वॉल्व्हलाच खाच पडते. शेवटी हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल ओतलं, पोर्ट कोरडे राहिले.

निळ्या धुराचं एक कारण ढिले गाईड, दुसरं वॉल्व्हच्या दांडीवरची रबरी रिंग. सगळ्या प्लास्टिकसारख्या कडक झाल्या होत्या. नवी रिंग तेलात भिजवून, स्प्रिंग दाबून धरल्यावर, कॉटर (स्प्रिंगचा कप अडकवणारी खिळी) लावण्याआधी चढवायची. आधीच चढवली तर कप तिला खाली ढकलतो आणि ती कामातून जाते.

मॅनिफोल्डमागची दोन झाकणं उघडून टॅपेट काढले. दोघांच्या तळाला खवले पडले होते, ते बदलले. पुशरॉडवर डायल लावून आठही कॅमची उचल ताडली; तीन थाऊच्या आत सगळ्या सारख्या, म्हणून कॅमला हात लावला नाही. रॉकर शाफ्ट नवा, बुश नवे. बुश बसवल्यावर रॉकरच्या ऑईलच्या भोकांसमोर बुशमध्येही भोकं पाडावी लागतात. ही राहिली तर रॉकर सुका चालतो आणि शाफ्ट पुन्हा कापतो. पॅड ग्राइंडिंग मूळ गोलाईत, पाचेक थाऊच. वरचा कडक थर पातळ असतो. तीन रॉकरचा खळगा त्याहून खोल होता, ते सरळ बदलले.

नट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळले. टॅपेट थंड असताना जरा सैल ठेवून इंजिन नीट गरम केलं आणि मग सगळे १५ थाऊवर आणले. व्हॅक्यूमचा काटा १८ वर स्थिर, तिसऱ्याचं कॉम्प्रेशन १२२. मालकांनी बॉनेटवर कान ठेवला आणि म्हणाले, "थोडं वाजतंय अजून." पंधरा थाऊचं अंतर तेवढं वाजणारच, तिथे पाना लावायचा नाही, असं झाकणावर पेंटने लिहून दिलं.

आठशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावली. नट पुन्हा क्रमाने ताणले आणि गरम इंजिनावर अंतरं मोजली. एक्झॉस्ट सगळे १३-१४ वर आले होते. गॅस्केट दबलं आणि सीट बसल्या की एवढं कमी होतंच. ते परत १५ वर सोडले, इनलेट जिथे होते तिथेच ठेवले.