तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅनिमेमधला अमेरिकन असा का?

"अ‍ॅनिमेमधला अमेरिकन कायम धिप्पाड, पिवळ्या केसांचा आणि घसा ताणून बोलणारा का असतो? जपान्यांना त्यांचा राग आहे की कौतुक?" जपानी अ‍ॅनिमेशनबद्दल, म्हणजे अ‍ॅनिमेबद्दल, हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुधा 'माय हीरो अकॅडेमिया'चा सातवा सीझन नुकताच संपवलेला असतो, नाहीतर लहानपणीचं 'यु-गि-ओ' पुन्हा काढलेलं असतं.

राग की कौतुक, या दोनच खणांत उत्तर शोधलं तर हाती काही लागत नाही. त्याऐवजी गोष्ट घडते कुठे ते बघा. अमेरिकन जपानमध्ये येतो तेव्हा बहुतेक वेळा सोंग घेऊन येतो. गोष्टच अमेरिकेत घडत असेल तर तोच अमेरिकन चारचौघांसारखा वागू लागतो. याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत, पण आधी सोंग कशाचं बनतं ते पाहू.

पिवळे केस हा पुरावा नव्हे. नारुतो पिवळ्या केसांचा आहे, 'सेलर मून'मधली उसागी टोकियोत राहते आणि तिचेही केस पिवळेच आहेत. केसांचा रंग गर्दीत पात्र चटकन ओळखू यावं म्हणून दिलेला असतो. परकेपणा कळतो तो नाकावरून. टीव्ही अ‍ॅनिमेत समोरून काढलेल्या चेहऱ्याचं नाक म्हणजे एक ठिपका किंवा छोटीशी सावली असते. परदेशी पात्राला मात्र नाकाच्या हाडाची रेघ मिळते. मग डोळे थोडे खोल जातात, भुवई जाड होते, हनुवटी रुंद होते आणि पुरुष असेल तर तिच्या मध्ये खाच पडते. खांद्यांची रुंदी वाढते. डोकं तेवढंच ठेवून धड मोठं केलं, की बाजूचा जपानी नायक आपोआप लहान दिसतो. १९६४ पासूनच्या 'सायबॉर्ग ००९'मधला न्यूयॉर्कचा जेट लिंक बघा, नुसत्या नाकावरून ओळखता येतो.

कृष्णवर्णीय पात्रांच्या बाबतीत याच सवयीने मोठा घोळ केला. जाड ओठ आणि काळा गोल चेहरा ही जुन्या व्यंगचित्रांतली खूण वर्षानुवर्षं विचार न करता उचलली गेली. 'पोकेमॉन'मधल्या जिन्क्स या पात्रावर २००० च्या सुमारास अमेरिकेतून आक्षेप आला आणि तिचा काळा चेहरा पुढे जांभळा झाला. तेझुका ओसामू या चित्रकाराच्या जुन्या मंगांच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, पुनर्मुद्रणांतही अशा चित्रणाबद्दल खुलासा छापलेला असतो.

दुसरी खूण बोलण्याची, आणि आपल्याकडे नेमकी हीच हरवते, कारण आपण बऱ्याचदा इंग्रजी किंवा हिंदी डब बघतो. जपानीत बोलणारा कोण हे 'मी'साठी तो कुठला शब्द वापरतो आणि वाक्य कसं संपवतो यावरून कळतं. म्हाताऱ्याचा शेवट वेगळा, गुंडाचा वेगळा, श्रीमंत घरच्या मुलीचा वेगळा. अमेरिकनासाठी ठरलेला साचा असा: वाक्याअखेरचं 'देस' (आपल्या 'आहे'सारखं) ताणून 'देऽऽस' करायचं, 'यू' आणि 'मी' हे इंग्रजी शब्द जपानी वाक्यात तसेच घुसडायचे, आणि अधूनमधून एखादं 'ओह' टाकायचं. मराठी-हिंदी पडद्यावरचा गोरा साहेब 'टुम किडर जाटा है' म्हणतो, तीच ही युक्ती.

'यु-गि-ओ'मधला पेगासस हा तिचा कळसच. अमेरिकन कंपनीचा मालक, पत्त्यांच्या खेळाचा निर्माता, कार्टूनचा वेडा. मूळ जपानी आवृत्तीत त्याचं वाक्य 'देऽऽस'वर जातं आणि नायकाला तो 'युगी बॉय' म्हणतो. इंग्रजी डबमध्ये 'युगी बॉय' तेवढं टिकलं, वाक्याचा वाकडा शेवट गेला, आणि उरला एक नखरेल श्रीमंत. डब बघणाऱ्याला हा माणूस विचित्र वाटतो, पण अमेरिकन म्हणून विचित्र आहे हे कळतच नाही. 'पोकेमॉन'च्या १९९६ च्या पहिल्या गेममध्ये लेफ्टनंट सर्ज या पात्राची पदवीच 'विजेसारखा अमेरिकन' अशी आहे. अ‍ॅनिमे बघणाऱ्या किती जणांच्या हे लक्षात आलं असेल कोण जाणे.

या साच्याचा सगळ्यात हुशार वापर 'डिटेक्टिव्ह कोनान'ने केला. जोडी ही इंग्रजीची शिक्षिका शाळेत येते ती मोडकंतोडकं, हेल काढलेलं जपानी बोलत. प्रेक्षक म्हणतो, हां, नेहमीची परदेशी बाई. २००४ च्या जानेवारीत आलेल्या अडीच तासांच्या विशेष भागात कळतं की ती एफबीआयची आहे, आणि मग ती अस्खलित जपानी बोलू लागते. तो हेल म्हणजे तिचं वेषांतर होतं. प्रेक्षकाला साचा इतका पाठ असतो की त्यामागे कोणी लपेल अशी शंकाही येत नाही. लेखकाने पात्राला नव्हे, आपल्याला फसवलेलं असतं.

आता हा धिप्पाडपणा आला कुठून? युद्ध आणि १९५२ पर्यंतचा अमेरिकेचा ताबा हे उत्तर सगळे देतात, आणि ते चूक नाही. पण पडद्यापुरतं बोलायचं तर कुस्तीकडे बघावं लागतं. जपानमध्ये टीव्ही १९५३ मध्ये सुरू झाला. १९५४ च्या फेब्रुवारीत रिकिदोझान आणि किमुरा या मल्लांची शार्प बंधू या गोऱ्या मल्लांशी कुस्ती झाली, आणि चौकात लावलेल्या टीव्हींपुढे लोकांची झुंबड उडाली. आडदांड गोरे नियम मोडतात, रिकिदोझान सहन करतो आणि शेवटी हाताच्या कडेचे फटके देऊन त्यांना लोळवतो, हा क्रम तिथे पक्का झाला. गंमत अशी की शार्प बंधू मूळचे कॅनडाचे, आणि रिकिदोझान जन्माने कोरियन. जपान विरुद्ध अमेरिका म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेल्या त्या कुस्तीत हे दोन्ही तपशील कोणाला नको होते.

पुढच्या पिढीने हा कुस्तीगीर कागदावर आणला. १९७९ पासूनच्या 'किन्निकुमान'मधला टेरीमॅन टेक्सासचा आहे, टेरी फंक या खऱ्या मल्लावरून घेतलेला, आणि त्याच्या कपाळावर अमेरिकेसाठी वापरतात ते कांजी (चिनी लिपीतलं) अक्षर आहे. सुरुवातीला तो पैशासाठी काम करणारा, गर्विष्ठ. मग नायकाचा जिवलग मित्र होतो. हा प्रवास नीट लक्षात ठेवा, कारण नंतर कितीतरी अमेरिकन पात्रं याच वाटेने गेली: आधी आकाराने आणि पैशाने दडपायचं, मग हरायचं किंवा बरोबरी मान्य करायची, मग खांद्याला खांदा लावायचा.

१९९४ च्या 'जी गंडाम'मध्ये तर संकोचच नाही. प्रत्येक देशाचा एक रोबो. अमेरिकेचा चिबोडी क्रॉकेट हा बॉक्सर; त्याच्या यंत्राला अमेरिकन फुटबॉलपटूसारखे खांदे, ते खांदे निघून हातमोजे होतात, शिवाय पिस्तुलं आणि सर्फबोर्ड, आणि बाजूला जल्लोष करणाऱ्या चार मुली. एकाच यंत्रावर इतकी अमेरिका लादलेली दुसरीकडे सापडणार नाही. पण रुसायचं कारण नाही: हॉलंडचा रोबो पवनचक्की आहे, आणि भारताचा नाग. ही मालिका सगळ्यांनाच सारख्या मापाने मोजते. चिबोडीला पुढे विदूषकांची भीती आणि लहानपणी आईपासून झालेली ताटातूट असा इतिहास दिला, म्हणून तो लक्षात राहतो; नागवाल्या भारतीयाला तेवढंही मिळालं नाही. देशांनाच माणसं बनवणाऱ्या 'हेतालिया'त अमेरिका हा स्वतःला हीरो म्हणवणारा, बर्गर खाणारा पोरगा आहे आणि त्याचा चष्मा म्हणजे टेक्सास. मला ती मालिका एका विनोदावर फार वेळ चालल्यासारखी वाटते.

'माय हीरो अकॅडेमिया'चा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. त्यातला सगळ्यात मोठा हीरो ऑल माइट जपानी आहे, नाव तोशिनोरी यागी. पण तो काढलाय अमेरिकन कॉमिकसारखा: डोळ्यांवर काळी सावली, जाड शाई, बाकीच्या चौकटीशी न जुळणारी रेघ. त्याच्या ठोशांना डेट्रॉइट, टेक्सास, कॅरोलिना अशी नावं आहेत. सातव्या सीझनच्या सुरुवातीला येते अमेरिकेची पहिल्या क्रमांकाची हीरो, स्टार अँड स्ट्राइप. लहानपणी तिला अमेरिकेत असलेल्या ऑल माइटने वाचवलेलं असतं आणि ती त्याला गुरू मानून त्याचीच केशरचना, तोच पेहराव उचलते. म्हणजे एका जपान्याने अमेरिकनाची नक्कल केली आणि अमेरिकन बाई त्या नकलेची नक्कल करते. प्रचंड देह, पाठीवर झेंड्याचा अंगरखा, सोबत लढाऊ विमानं. साचा सगळा जुनाच. पण ज्याच्याकडे मान वर करून बघायचं तो इथे जपानी आहे.

खेळाच्या मालिकांत अमेरिकन म्हणजे मोजपट्टी. आपण किती मोठे झालो हे त्याच्याशेजारी उभं राहून कळतं. त्यातही बेसबॉलवरच्या 'मेजर'ने काय केलं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेच्या मेजर लीगमधून आलेल्या जो गिब्सनचा वेगवान चेंडू नायकाच्या वडिलांच्या डोक्याला लागतो आणि ते मरतात. खलनायक तयार करायला याहून सोपी संधी कुठली! पण मालिका गिब्सनला पश्चात्तापाचं ओझं देते आणि वर्षानुवर्षं ते वाहायला लावते. अमेरिकन फुटबॉलवरच्या 'आयशील्ड २१'मध्ये अमेरिकन संघाचा प्रशिक्षक अपोलो वंशद्वेष्टा आहे. पँथर या कृष्णवर्णीय मुलाला तो मैदानात उतरूच देत नाही. जपानी संघाविरुद्धचा सामना म्हणता म्हणता अमेरिकेच्या आतलं भांडण होऊन बसतो. शाळकरी मुलांच्या मालिकेसाठी हे चांगलंच धाडस म्हणायचं.

आता ते अपवाद. जपानमध्ये येऊनही अमेरिकन सोंग घेत नाही अशी एक जागा आहे: लष्करी तळ आणि युद्धाची आठवण. १९८८ च्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'मध्ये अमेरिकन माणूस पात्र म्हणून येतच नाही. आकाशात बी-२९ ही बॉम्बफेकी विमानं, बस. २०१६ च्या 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड'मध्ये युद्ध संपल्यावर बायका अमेरिकन छावणीच्या उरल्यासुरल्या अन्नाचं कालवण रांगेत उभं राहून घेतात. त्यात सिगारेटच्या पाकिटाचा कागद तरंगत असतो आणि ते चविष्ट लागतं. या एका वाडग्यात ताब्याची वर्षं मावली आहेत. 'किड्स ऑन द स्लोप' १९६६ च्या सासेबोत घडतं, तिथे अमेरिकन नौदलाचा तळ आहे. बारमध्ये एक दारुडा गोरा काळ्यांचं संगीत बंद करा म्हणून ओरडतो. सेनतारो या नायकाचा बाप अमेरिकन सैनिक होता आणि त्या रक्ताचा भार पोरगा रोज वाहतो. २००० चं 'ब्लड: द लास्ट व्हॅम्पायर' १९६६ च्या योकोता तळावर घडतं आणि त्यातले बरेच संवाद खरोखर इंग्रजीत आहेत, 'देऽऽस'ची गरजच उरत नाही. तळाच्या गावात अमेरिकन हा पाहुणा नसतो, शेजारी असतो, म्हणून त्याचं सोंग चालत नाही.

आणि गोष्ट अमेरिकेत नेली की? मग सगळेच अमेरिकन, त्यामुळे हेल कोणालाच द्यायचा नाही. सगळे साधं जपानी बोलतात. 'बनाना फिश'मध्ये न्यूयॉर्कचा अ‍ॅश घरचा आणि जपानहून आलेला एइजी परका. मंगा १९८५ ते १९९४ चा. २०१८ च्या २४ भागांच्या अ‍ॅनिमेत काळ आजचा केला, व्हिएतनाम युद्धाच्या जागी इराक युद्ध आलं, हातात मोबाइल आले. अ‍ॅशचा सुरुवातीचा चेहरा स्टेफान एडबर्ग या स्वीडिश टेनिसपटूवरून घेतलेला होता. कॅनडाचे शार्प बंधू आणि स्वीडनचा अ‍ॅश: 'अमेरिकन' चेहऱ्याचा कच्चा माल कुठूनही येतो. 'स्पेस ब्रदर्स'च्या ९९ भागांत नासातली माणसं येतात, त्यात वेळ वाया गेलेला मुळीच न खपणारा व्हिन्सेंट बोल्ड आहे. वक्तशीर, मितभाषी, कठोर. नाव झाकलं तर प्रेक्षक त्याला जपानी समजेल.

अमेरिकेतल्या गोष्टींत चुका होतात त्या माणसांत नव्हे, घरांत. बंदुका आणि गाड्या चोख असतात. शिकागोत घडणाऱ्या 'गनस्मिथ कॅट्स'ची टीम शिकागो बघून आली होती, आणि नायिकेची शेल्बी जीटी ५०० मोटार आणि सीझेड ७५ पिस्तूल शौकीन माणसाने प्रेमाने काढलेली आहेत. चूक शोधायची तर घराचं दार बघा: जपानी घराचं मुख्य दार बहुधा बाहेर उघडतं, अमेरिकन घराचं आत. घरात शिरताना बूट कुठे काढतात ते बघा. ऑफिसात साहेबाला आडनावाने हाक मारून हलकेच वाकणारा अमेरिकन दिसला, तर संवाद लिहिणाऱ्याच्या सवयीने तिथे डोकं वर काढलेलं असतं.

तुम्हाला स्वतः पडताळून बघायचं असेल तर पेगाससचा कुठलाही प्रवेश आधी जपानी आवाजात बघा, मग इंग्रजी डबमध्ये. त्यानंतर 'ब्लॅक लगून'चा टोकियोतला भाग जपानी आवाजातच लावा. एरवी त्या मालिकेतली मंडळी इंग्रजीत बोलतात असं आपण गृहीत धरायचं असतं आणि कानावर जपानी पडतं. टोकियोत पोचल्यावर मात्र काही प्रसंगांत जपानी आवाज-कलाकारच खरं इंग्रजी बोलू लागतात. मालिकेची नायिका, न्यूयॉर्कची रेव्ही, तिथे अचानक परकी वाटते, आणि इंग्रजी कळत असलं तरी सबटायटल चालू ठेवावे लागतात.