भाचा ‘वर घे’ ओरडला आणि मी घेतला

नान्नजचं ते ड्रोन शूटिंगचं काम होऊन बरेच दिवस झाले, कुणाला काही लागलं नाही, ड्रोनला ओरखडापण नाही, तरी रात्री आडवं झालं की तेच डोक्यात फिरतं.

सोलापूर शहरातली लग्नं मी शक्यतो घेत नाही. २०२५ मध्ये होटगी रोडवरून विमानं परत सुरू झाली, आणि ड्रोन कुठं उडवता येतो त्याचा विमानतळाच्या आजूबाजूचा नकाशा उघडून बघितला की निम्मी मंगल कार्यालयं आपोआप कटाप होतात. पार्टीला हे सांगितलं की म्हणतात, अहो तो दुसरा उडवतो की. उडवू दे. माझा २४९ ग्रॅमचा नॅनो, म्हणजे सगळ्यात हलक्या वर्गातला आहे, ड्रोन नियम २०२१ प्रमाणे त्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण म्हणून विमानाच्या वाटेत घुसायची मुभा मिळते असं थोडीच आहे.

म्हणून शेताची कामं. बार्शी रोडचं नान्नज म्हणजे सोनाका जातीच्या द्राक्षाचं गाव, मालकाला व्यापाऱ्यांना पाठवायला बागेचा व्हिडिओ पाहिजे होता. डिसेंबरची सकाळ, वारा अजिबात नाही. द्राक्षाच्या मांडवाला लोखंडी अँगल आणि तारांचं जाळं असतंय, तिथंच उभं राहून टेकऑफ केला तर कंपास येडा होतो, म्हणून लांब बांधावर पॅड टाकला. कडेनं विजेची लाईन आणि नारळाची झाडं, म्हणून परतीची उंची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येताना ज्या उंचीवरून येतो ती, ४० मीटर लावली. होम पॉइंट, म्हणजे ड्रोननं परत यायची जागा, लागल्याचा आवाज येईस्तोवर बोट हलवायचं नाही, हा माझा नियम. मालक तोवर तीनदा विचारून गेला, अजून उडेना व्हय?

मग त्याचं सुरू झालं, तिकडं माळावर घ्या की जरा, काळवीटं दिसतील. तो माळ म्हणजे माळढोक अभयारण्याचा तुकडा, शेतांच्या मधेमधे असे तुकडे आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं विषयच नाही, असं सांगितल्यावर तोंड वाकडं केलं. लोकांना ड्रोनवाला म्हणजे रिमोटवर नाचणारं बाहुलं वाटतंय.

सोबत भाचा होता. त्याला एकच काम, मोबाईल खिशात ठेवायचा आणि आभाळ बघायचं. मी स्क्रीनवर, तो आभाळात. घारी अंगावर येतात, आणि घार आली की ड्रोन सरळ वर घ्यायचा कारण ती वरून झडप घालते, तेवढ्या वेगात वर चढणं तिला जमत नाही, हे मीच त्याला शिकवलेलं.

तर १२ मीटरवरून आडवा शॉट चालू होता, ओळींना समांतर. माझ्या मॉडेलला अडथळा ओळखायला पुढं, मागं, खाली सेन्सर आहेत, बाजूला आंधळा. माझ्या ड्रोनचा बारीक भुणभुणाट ओळखीचा झालाय, त्यात अचानक एक जाड घरघर मिसळली. मला वाटलं फवारणीचा ट्रॅक्टर. तेवढ्यात भाचा ओरडला, मामा वर घे वर घे, आणि डोळे स्क्रीनवरून उठायच्या आत अंगठ्यानं वर चढायची स्टिक ढकलली होती.

शेजारच्या तुरीत अळीची फवारणी चालली होती, तीपण ड्रोननं. दहा लिटरवाला. टाकी रिकामी झाली म्हणून तो पलीकडच्या रस्त्यावर परत चालला होता, बागेचा कोपरा कापून. भाचा म्हणतो दहा-बारा फुटांवरून गेला. व्हिडिओत त्यातलं काहीच नाही, कॅमेरा खाली होता, नुसते छान छान घड दिसतात.

दोन्ही ड्रोन उतरवल्यावर चालवणाऱ्या ताईंकडं गेलो. माझ्यापेक्षा लहान असेल, पण सर्टिफिकेट, रजिस्ट्रेशन, सगळं फाईलमध्ये, हातात ग्लोव्हज, तोंडाला मास्क. भांडायच्या तयारीनं गेलो होतो, बाई शांत. म्हणाली, दादा, तुमचा इवलासा आहे, मला दिसलाच नाही. मग मी विचारलं परतीची उंची किती लावता. १५ मीटर.

आता बघा. मी १२ वर होतो. म्हणजे वर घेऊन मी तिच्या थराकडंच गेलो, तो थर ओलांडून पुढं गेलो म्हणून वाचलो. स्टिक सोडून जागेवर थांबलो असतो तर तो डोक्यावरून गेला असता, पण त्याच्या पंख्यांच्या वाऱ्यात २४९ ग्रॅमचं काय झालं असतं? खाली घ्यावा तर मांडवाच्या तारा. भाच्यानं शिकवलेलं बरोबर केलं, पण ते घारीसाठी होतं.

आणि मालकाला माहीत होतं! शेजारी फवारणी आहे म्हणून त्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणतो कसा, ती औषध मारणार, तुम्ही फोटो काढणार, तुमचा काय संबंध? संबंध असा की वारा उठायच्या आधीचा तास दोघांनाही पाहिजे. औषध उडून जाऊ नये म्हणून तिला, शॉट हलू नये म्हणून मला. नकाशावर लाल, पिवळा, हिरवा भाग दिसतो, शेजारच्या बांधावर कोण उडवतंय हे दिसत नाही.

हल्ली कामाचा फोन आला की आसपास फवारणी आहे का ते आधी विचारतो. ताईंचा नंबर घेतलाय, नान्नज भागात जायचं असलं की मेसेज टाकतो. पण वर, खाली की जागेवर, यावर तिचं माझं एकमत झालेलं नाही. ती म्हणते थांबायचं, मोठ्याला जाऊ द्यायचं. फवारणीचा ड्रोन चालवणारं कुणी वाचत असेल तर सांगा, तुमचा रिकामा ड्रोन परत येताना किती उंचीवरून येतो आणि त्याच्या खाली वारा कुठवर लागतो.