दुखत नाही, दाटून येतं

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या पावसाळ्यात बाबा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबू लागले; भाजीची पिशवी खाली ठेवून, किल्ली शोधत असल्यासारखे उभे राहत आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा चढू लागत. "छातीत दुखतंय का?" असे मी दर वेळी विचारी आणि "नाही गं, गॅस धरलाय" हेच उत्तर मिळे. आईने ओवाही देऊन पाहिला. माझा प्रश्नच चुकत होता, हे कळायला तीन आठवडे गेले. एकदा "नक्की काय होतं?" असे विचारल्यावर त्यांनी वळलेली मूठ छातीच्या मधोमध ठेवली आणि म्हणाले, "इथे कुणी बसल्यासारखं वाटतं, जबड्यापर्यंत दाटून येतं. थांबलो की जातं."

श्रमाने येणारे आणि थांबल्यावर ओसरणारे हे दडपण म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरे पडत असल्याची खूण, म्हणजेच अंजायना, असे डॉक्टरांनी सांगितले. झोपवून काढलेला ईसीजी निर्दोष होता. ट्रेडमिलवर चालवल्यावर मात्र बिघाड दिसला. अँजिओग्राफीची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीची, तारीख ठरली आणि तोवर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेटच्या, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाच्या, ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळाल्या. लैंगिक क्षमतेसाठी काही औषध घेता का, हेही डॉक्टरांनी स्पष्ट विचारले, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तदाब धोकादायक खाली जातो.

तारखेच्या चार दिवस आधी, रात्री जेवणानंतर बाबांना बसल्या जागीच दडपण आले आणि दरदरून घाम फुटला. गोळीने चक्कर येऊन पडू नयेत म्हणून मी त्यांना जमिनीवर, भिंतीला पाठ टेकवून, गुडघे उंच करून बसवले, गळ्याचे बटण सोडले, गोळी जिभेखाली ठेवली आणि घड्याळ पाहत राहिले. पाच मिनिटांनी १०८ ला फोन केला. विश्रांतीत आलेले ते दडपण नेहमीचे नव्हतेच. फोन आधी करायला हवा होता, ही रुखरुख मला आजही आहे. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नाही ना, याची खात्री करून आमच्या डॉक्टरांनी फोनवरून ॲस्पिरिन चावून खायला सांगितली. शेजारचे काका रिक्षा आणायला निघाले होते, त्यांना मी थांबवले, कारण बाबांना एकही पायरी उतरू द्यायची नव्हती. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवूनच चौघांनी त्यांना खाली नेले.

दुसऱ्या दिवशी स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसला. आता बाबा सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना दुखण्याविषयी विचारतच नाहीत, "चढताना छातीत दाटतं का?" असे विचारतात.