येरझारा घालणारं पाणी

ठाणे सोडून गाडी कळव्याकडे निघाली, की पुलावर खिडकीतलं पोर हमखास विचारतं, "ही नदी कुठे जाते?" शेजारचं मोठं माणूस मोबाइलमधून मान वर न करता सांगतं, "समुद्राला." उत्तर अर्धंच बरोबर. सकाळच्या गाडीतून समुद्राकडे निघालेलं पाणी दुपारच्या गाडीतून परत येताना दिसतं. ही नदी नव्हे, खाडी आहे.

नदीचं गणित सरळ: वरून खाली. उल्हास नदी खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरातून निघते आणि कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते. तिथवर उतार जवळपास संपतो, मग समुद्राची सत्ता चालते. मोठा प्रवाह वसईच्या खाडीतून बाहेर पडतो, एक अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो. म्हणजे ठाण्याच्या पाण्याला दारं दोन, एक वसईकडचं आणि दुसरं मुंबई बंदराकडचं. भरती दोन्ही दारांतून आत शिरते.

भरती ते ओहोटी साधारण 6 तास 12 मिनिटं. म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा सुमारे 50 मिनिटं उशिरा. घड्याळाऐवजी कालनिर्णय बघणाऱ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हिशेब ढोबळ आहे, आणि तो किनाऱ्याचा. पाण्याला खाडी चढून ठाण्यापर्यंत यायला आणखी वेळ लागतो, तो वर धरावा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही.

आता चिखल. खाडीच्या चिखलाला नाकं मुरडली जातात, पण सगळा चिखल काही गटाराची देणगी नाही. घरी करून बघण्यासारखं आहे. मूठभर काळी माती बाटलीभर पाण्यात खळखळून हलवायची आणि अर्धा तास तशीच ठेवायची. जाड रेती तळाशी बसली, की वरचं गढूळ पाणी अलगद दोन ग्लासांत ओतायचं. एका ग्लासात दीड चहाचा चमचा मीठ ढवळायचं. पाव लिटरला एवढं मीठ म्हणजे जवळजवळ समुद्राचंच पाणी झालं. दुसरा ग्लास तसाच. तासाभराने मिठाच्या ग्लासात वरचं पाणी निवळू लागतं, दुसरा गढूळच राहतो. मातीच्या बारीक कणांवर सारखाच विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. मीठ तो जोर मोडतं, कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. फरक दिसला नाही तर बहुधा माती रेताड निघाली. कुंडीतली नको, शेतातली घ्यावी.

खाडीत हेच चालतं. उल्हासने आणलेली माती खाऱ्या पाण्याला भेटते, आणि भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी पाणी क्षणभर थबकतं तेव्हा खाली बसते. त्या गाळावर तिवरं उभी राहतात, श्वासासाठी मुळं पेन्सिलींसारखी चिखलाबाहेर काढून. वाशीच्या बाजूला ओहोटीला उघडा पडणारा गाळ म्हणजे रोहित पक्ष्यांचं, फ्लेमिंगोंचं ताट. ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तो या चिखलासकट.

पावसाळ्यात मात्र येरझारा महागात पडते. नाल्याचं तोंड खाडीत उघडतं. उधाणाच्या भरतीला खाडीची पातळी त्या तोंडाच्या वर गेली, की नाल्यातलं पाणी बाहेर पडू शकत नाही. त्याच दोन तासांत धो धो कोसळला, तर पाणी रस्त्यावर येतं. नाला कितीही साफ असो, ओहोटीची वाट बघावीच लागते.

आणि उन्हाळ्यात उलटी अडचण. वरून नदीचं पाणी फारसं येत नाही, ढकलणारं कोणी नाही. पुलावरून हात जोडून सोडलेली निर्माल्याची पिशवी ओहोटीबरोबर वाशीकडे निघते, सहा तासांनी भरतीबरोबर साकेतकडे परत फिरते, पुन्हा वाशीकडे. दोन पावलं पुढे, पावणेदोन मागे. सोडणारा तेव्हा डोंबिवलीला पोचून जेवायला बसलेला असतो.