औषधांची पिशवी पण गाडीत टाकली

आज पुलाखालच्या लोकांचे तंबू काढताना पाहिले आणि डोकं अजून तापलेलंच आहे. नोटीस नाही, काही नाही, गाडी आली आणि दिसेल ते उचलून आत टाकायला सुरुवात. एक आजोबा सारखे सांगत होते, अहो त्या निळ्या पिशवीत माझी शुगरची औषधं आणि सगळी कागदपत्रं आहेत, तर म्हणे "नंतर ऑफिसला या". कुठल्या ऑफिसला ते कोणी सांगेना! ओळखपत्र गेलं की दवाखाना, शेल्टर, काम सगळंच अडतं हो, आणि नवीन काढायला गेलं की पत्ता मागतात (तो आणायचा कुठून). जागा मोकळी करायची तर करा ना, पण त्याची काही पद्धत असते की, संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९७ मध्येच सांगून ठेवलंय, पुरेशी आगाऊ नोटीस द्या, लोकांशी बोला, कारवाई करणाऱ्यांची ओळख नीट कळली पाहिजे, रात्री किंवा खराब हवामानात हटवू नका. इथे एकाच्याही छातीवर नावाची पट्टी नव्हती. गाडीचा नंबर आणि पिशवीचं वर्णन ओळखीच्या वकिलाला पाठवलंय, उद्या आजोबांना घेऊन जातोय, कोणाला सोबत यायचं असेल तर मेसेज करा.