पट्टाभिषेकानंतरची गाणी

आमच्या नाशिकच्या घरी गीतरामायणाच्या कॅसेटचा सेट होता आणि त्यातली शेवटची कॅसेट अगदी नव्यासारखी होती, कारण आजी ती लावूच द्यायची नाही. राम अयोध्येला परत आला, जयजयकार झाला की ती सरळ उठून टेप बंद करायची. "पुढे काही चांगलं नाही, चला जेवायला." आम्हाला पोरांना कितीतरी वर्षं वाटायचं की रामायण तिथेच संपतं. बाबा बाबूजींचे, म्हणजे सुधीर फडक्यांचे, कट्टर भक्त, पण आजीसमोर तेही गप्प.

हे आठवायचं कारण म्हणजे परवा गाडीत लेकीने कुठूनतरी 'जगदानंद कारका' लावलं आणि मला एकदम हैदराबादमधला नल्लाकुंटाचा फ्लॅट आठवला.

2011 साली लग्न होऊन मी हैदराबादला गेले तेव्हा तेलुगू म्हणजे "तेलुगू रादू" एवढंच येत होतं, म्हणजे तेलुगू येत नाही हे तेलुगूत सांगता येत होतं. शेजारी एक आंटी राहायच्या, साठीच्या पुढच्या, आमची त्यांची एक भिंत सामाईक आणि ती इतकी पातळ की त्यांच्या मिक्सरला माझी भांडी थरथरायची. आमचा संवाद सगळा हैदराबादी हिंदीत. त्यांना मी नाशिकची कळल्यावर आधी फार आनंद झाला, गोदावरी तुमच्याकडून येते म्हणाल्या, आणि मग मी नेहमीच्या तोऱ्यात पंचवटी, सीतागुंफा वगैरे सुरू केलं तर त्यांचा चेहराच बदलला. पंचवटी? पंचवटी तर भद्राचलमजवळ आहे, पर्णशाला म्हणतात, सीतेला तिथूनच पळवली, गोदावरीच्याच काठावर, जाऊन बघ! मी म्हणलं आंटी आमच्याकडे अख्खा गावभाग आहे त्या नावाचा, बस जाते तिथे. त्या म्हणाल्या आमच्याकडेपण बस जाते. विषय तिथेच राहिला, आजतागायत. नदी एकच, त्र्यंबकला उगम पावते आणि शेकडो किलोमीटर चालत जाते, दोन्हीकडच्या लोकांना वाटतं सीता आमच्याच घाटावर होती, आता नदीने तरी काय करावं.

तर त्या ऑगस्टमध्ये 'श्रीरामराज्यम्' या सिनेमाची गाणी आली. भद्राचलमलाच ऑडिओ रिलीज झाला म्हणून आंटी खूश होत्या, पण गाण्यांबद्दल मात्र त्यांचं तोंड वाकडं. कारण सोपं होतं. हा सिनेमा म्हणजे 1963च्या 'लवकुश'चीच गोष्ट परत. त्या जुन्या सिनेमात राम होते एनटीआर, म्हणजे एन. टी. रामाराव, या नव्यात त्यांचा मुलगा बालकृष्ण. जुन्याचं संगीत घंटसाला यांचं, लव-कुशांसाठी लीला आणि सुशीला गायलेल्या, पूर्ण रंगीत असा तेलुगूतला तो पहिला सिनेमा, आंटींनी लहानपणी किती वेळा पाहिला त्याला गणतीच नाही. त्यातली दोन पोरं "विनुडु विनुडु" म्हणजे ऐका हो ऐका करत रामकथा सांगतात ते आंटी स्वयंपाक करताना तेव्हाही म्हणायच्या. आणि अशा गोष्टीला कुणीतरी नवीन चाली लावतो म्हणजे काय! "अच्छा है, लेकिन घंटसाला नक्को बोलो," म्हणजे घंटसालांचं नाव काढू नको, असा त्यांचा निकाल.

हे मला इतकं ओळखीचं वाटलं ना. कुणी गीतरामायण नव्या आवाजात गायलं की बाबा अगदी हेच तोंड करतात, पहिल्या दोन ओळी ऐकतात आणि म्हणतात "हं... बाबूजी ते बाबूजी." 1955च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गाणं असं वर्षभर चाललेलं ते प्रकरण, 56 गाणी, गदिमा लिहितायत आणि बाबूजी चाली लावतायत, ते ज्यांच्या कानात बसलंय त्यांच्यासमोर दुसरा कोण उभा राहणार. आणि गंमत म्हणजे तेही कुश-लवांच्याच तोंडून सांगितलेलं. दोन पोरं बापासमोर बसून बापाचीच गोष्ट गातायत आणि बापाला माहीत नाही ही आपली पोरं, इथूनच सुरुवात. म्हणजे आमच्या घरचे आणि आंटींच्या घरचे दोन्ही जुने देव एकाच देवळातले.

आणि या असल्या ठिकाणी चाली लावायला बसला होता इळयराजा. तेव्हा त्याचं वय 68. (एकेरी लिहितेय, पण ते लताला लता म्हणतो तसं.) 'सदमा' त्याचा, 'चीनी कम' त्याचा, 'पा' त्याचा, आपल्या अजय-अतुलचं तर ते दैवतच. हजाराच्या घरात सिनेमे केलेला माणूस. याच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे तो कागद घेऊन बसतो आणि सगळ्या वाद्यांचं नोटेशन एका बैठकीत लिहून काढतो, व्हायोलिनवाल्यांचं वेगळं, बासरीचं वेगळं, कोरसचं वेगळं, पेटी-बिटी न वाजवता, जसं आपण किराणा सामानाची यादी करतो. दिग्दर्शक होते बापू, म्हणजे 'हम पांच' आणि 'वो सात दिन'वाले, जे स्वतः मोठे चित्रकार, ज्यांच्या अक्षरावरून तेलुगूत फॉन्ट निघाले आणि ज्यांनी आयुष्यभर रामायणच परत परत काढलं, कधी कुंचल्याने कधी कॅमेऱ्याने. पटकथा त्यांचे जिवलग मुळ्ळपूडी वेंकट रमणा यांची, ते सिनेमा यायच्या आधीच फेब्रुवारीत गेले. वाल्मिकी झालेले अक्किनेनी नागेश्वर राव, तेही ऐंशीच्या पुढचे. म्हणजे सगळा कारखानाच म्हाताऱ्यांचा, आणि हे सगळे म्हातारे नेमक्या त्या जागेपासून गोष्ट सुरू करतायत जिथे माझी आजी टेप बंद करायची.

मला कळलेलं आंटींकडून, की त्यांच्याकडेही असंच. रामायणाचं पारायण करायचं ते पट्टाभिषेकापर्यंत, म्हणजे रामाच्या राज्याभिषेकापर्यंत. उत्तरकांड घरात वाचत नाहीत. रामनवमीलाही ते जन्म नाही करत, लग्न लावतात, सीतारामांचं कल्याणम्, आपल्यासारखा दुपारी बाराला पाळणा नाही की सुंठवडा नाही, गुळाचं मिरी घातलेलं पानकम् आणि भिजवलेली मुगाची डाळ. मला पहिल्या वर्षी फार चुकल्यासारखं झालं, बारा वाजले तरी कुणी पाळणा म्हणेना. पण पानकम् मात्र भारी लागतं, उन्हाळ्यात करून बघा.

हां तर पहिलं गाणं 'जगदानंद कारका'. शब्द कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांच्या 'पंचरत्न' या पाच रचनांतल्या पहिल्या कृतीचे म्हणून ओळखीचे, बाकी गाणं नवीन, जोन्नवित्तुलांनी लिहिलेलं. गायलंय एसपी बालसुब्रमण्यम, म्हणजे बालू, आणि श्रेया घोषाल यांनी. राम घरी येतोय, रस्ताभर लोक, आणि कोरस असा उसळतो की तेलुगू येवो न येवो हातातलं काम थांबतं. निम्मे शब्द संस्कृत असल्यामुळे कळतातच, आणि उरलेल्याला बालूंचा आवाज पुरतो. मी कांदा चिरत असताना भिंतीतून पहिल्यांदा ऐकलं आणि सुरी खाली ठेवून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आंटी म्हणाल्या, "ये ठीक है."

पुढे काही महिन्यांत मला सातवा लागला. आई-बाबा नाशिकहून आले, डोहाळजेवण हैदराबादलाच करायचं ठरलं, आणि आंटींनी त्याचा कधी ताबा घेतला ते कळलंच नाही. त्यांच्याकडे सीमंतम् म्हणतात, त्यात बांगड्यांचं फार, गाजुलु, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या लाल काचेच्या. आईने फुलांचे दागिने आणलेले, वाडी वगैरे सगळं. तर एका हाताला आईची फुलं आणि दोन्ही हातांना आंटींच्या बांगड्या असा माझा अवतार, मला नाकावरची माशी पण हाकलता येईना. आंटींच्या नातवाने पेनड्राइव्हवर गाणी आणलेली आणि स्पीकर लावून दिला.

गाणं लागलं 'सीता सीमंतम्'. म्हणजे सीतेचंच डोहाळजेवण. सिनेमातून ते इतकं उचललं गेलंय की आजही तिकडे कुणाच्याही सीमंतम्चा व्हिडिओ बघा, मागे हेच. आणि काय गाणं आहे! नुसता लाड. बायका बायकांना चिडवतायत, ओटी भरतायत असं सगळं त्या ठेक्यात ऐकू येतं. मला नंतर विचार करताना जाणवलं की हे करणं सगळ्यात कठीण असणार. ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहितीय पुढे काय आहे, चाल लावणाऱ्याला तर माहितीच आहे, एखाद्याने हळूच एखादा हळवा स्वर टाकला असता, व्हायोलिनमधून पुढची चाहूल दिली असती, समीक्षकांनी वाहवाही केली असती. याने तसलं काही माझ्या कानाला तरी लागू दिलेलं नाही. सीतेला माहीत नाही ना, मग गाण्यालाही माहीत नाही. गदिमांनीही तेच केलंय बघा, सीता रामाकडे डोहाळे सांगते ते कसलं गोड आहे, आणि पाठोपाठच ती लक्ष्मणाला विचारते मी आता जाऊ कुठे.

तर बायका टाळ्या वाजवतायत, आई वाट्या झाकून समोर ठेवतेय, "उचल एक, पेढा की बर्फी," आणि मी हात पुढे केला तेवढ्यात पेनड्राइव्हवरचं पुढचं गाणं सुरू झालं.

'गाली निंगी नीरू.'

आता मला तोवर तेलुगूतले जे पंधरा-वीस शब्द येत होते त्यातला एक गाली, कारण स्कूटीच्या टायरमध्ये हवा भरायला गेलं की दुकानावर तेच लिहिलेलं असायचं. गाली म्हणजे हवा, वारा. नीरू म्हणजे नीर, ते आपलंच. म्हणून मला पहिल्या ओळीला वाटलं हे पण काहीतरी निसर्गाचं, झाडं-पाखरं छापाचं असेल. आणि समोर बघते तर आंटी, ज्या गुडघ्यांमुळे खुर्चीतून उठताना तीनदा रामाचं नाव घ्यायच्या, त्या अक्षरशः उडी मारून उठल्या, "अरे बंद करो, बंद करो जी, निकालो उसको!" करत त्यांनी स्पीकरमधून पेनड्राइव्ह उपटला. नातवाला पाठीत एक धपाटा. खोलीत एकदम शांतता. तेलुगू बायका सगळ्या जमिनीकडे बघतायत आणि मराठी बायका एकमेकींकडे. आईने मला खुणेने विचारलं काय झालं. मला काय माहीत.

दारात पुरुषमंडळींत बाबा उभे होते. त्यांना तेलुगूचा एक शब्द येत नाही, गाली पण नाही. ते हळूच म्हणाले, "वनात सोडली वाटतं." आणि मग चप्पल घालून खाली पान खायला निघून गेले.

आईने घाईघाईने वाटी माझ्या हातात कोंबली. बर्फी निघाली. (मुलगीच झाली, पण ते जाऊ दे, आईचं खरं ठरलं म्हणून ती अजून सांगते.)

रात्री सगळे झोपल्यावर मला काही चैन पडेना. बांगड्या काढल्या तर हातांना वळ उठलेले. स्वयंपाकघरात स्टूलवर बसून मोबाइलवर ते गाणं शोधलं, हेडफोन नवऱ्याच्या बॅगेत होता आणि बॅग बेडरूममध्ये, म्हणून आवाज बारीक करून तसंच लावलं. वारा, आकाश, पाणी, भूमी, अग्नी, असं पाचही जणांना हाक मारून बालू विचारतायत, तुम्ही कुणी काहीच बोलत नाही का. एवढं मला दुसऱ्या दिवशी नातवाकडून कळलं, पण त्या रात्री शब्द कळले नव्हते तरी एक गोष्ट कळत होती, की यात कुणी ऊर बडवत नाहीये. रथ निघून गेल्यावर जी धूळ बसत जाते ना, तसं ते गाणं. बालू आणि इळयराजा सिनेमात यायच्या आधीपासूनचे दोस्त, बालूंच्या ऑर्केस्ट्रात हा वाजवायचा. चाळीस वर्षांनी हा त्याला असलं गाणं देतो आणि तो ते आवाज न चढवता गातो. सकाळच्या लाडाच्या गाण्यात जो हात राखला नव्हता तो इथे राखलाय. मी तीनदा ऐकलं. आजीची ती शेवटची कोरी कॅसेट आठवली, ती तशीच कपाटात असणार, बाबांना सांगायला हवं होतं घेऊन या म्हणून.

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर आंटी समोर रांगोळी घालत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, रात को वो गाना सुन रही थी ना तू.

मी गारच. म्हणलं, सॉरी आंटी, आवाज बारीक केला होता.

"मालूम है. मैं भी इधर दीवार को लग के बैठी थी." मग ठिपके जोडत राहिल्या. रांगोळीची शेवटची रेघ ओढून झाल्यावर कमरेवर हात ठेवून कशाबशा उठल्या आणि म्हणाल्या, "अच्छा है. लेकिन घंटसाला नक्को बोलो."