आमची वाटचाल: किरायेदाराला आधी एक फोन

२०१५ पासून आम्ही नागपुरात लोकांची घरं किरायानं लावून देतो अन् सांभाळतोही, म्हणजे मालक पुण्याला नाहीतर बंगलोरला अन् घर इथं त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, बेसा साइडला, तर किरायेदार शोधण्यापासून नळाचा वॉशर बदलण्यापर्यंत सगळं आमच्याकडे. सुरुवात चार घरांपासून झाली, मी अन् माझे मिस्टर, ऑफिस म्हणजे प्रतापनगरच्या घराची समोरची खोली.

तेव्हा वाटायचं किराया वेळेवर आला की काम झालं. मग मनीषनगरची गोष्ट घडली. मालकांचा फोन आला की गॅलरीत पाणी झिरपून राहिलं, मिस्त्री पाठवा. पाठवला. किरायेदारांना फोनच केला नाही, चावी तर आमच्याकडे होतीच ना. घरात त्यांची मुलगी एकटी, दुसऱ्या दिवशी बारावीचा पेपर, अन् कोणी अनोळखी माणूस दार उघडून सरळ आत. संध्याकाळी तिचे बाबा ऑफिसात आले, आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, "ताई, एक फोन केला असता तर मी हाफ डे टाकून घरी थांबलो असतो." महिन्याभरात त्यांनी घर सोडलं. इतके चांगले लोक, किराया कधी एक दिवस पुढं गेला नव्हता, मला आजही त्याचं वाईट वाटते.

नंतर वकिलांनी सांगितलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये हे लिहूनच आहे, मालकाला घर बघायचा हक्क आहे पण आधी कळवून अन् योग्य वेळेला. तेव्हापासून कोणीही जायचं असलं तर आदल्या दिवशी फोन, अन् फोन ठेवला की तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून, कोण येणार, किती वाजता, कशासाठी. नुसता मेसेज टाकला तर तो हुकूम वाटतो अन् नुसतं तोंडी बोललं तर दोन महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवते, म्हणून दोन्ही.

नागपुरात सगळ्यात जास्त भांडणं मात्र कूलरवरून. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, कूलर दिवसभर चालते, वरच्या मजल्याचा पाइप खालच्या खिडकीवर टपकते, टाकी दुपारीच रिकामी होते अन् मग मालक काकाजी गच्चीवर जाऊन कॉक बंद करतात. हे करायचंच नाही! किराया थकला असला तरी पाणी-लाइट तोडणं कायद्यानं गुन्हा आहे, हे मी प्रत्येक मालकाला पहिल्याच दिवशी सांगते. आम्ही होळीच्या आधीच किरायेदारांशी बोलून घेतो, कूलर कोणत्या खिडकीत, स्टँड कोणाचा, पाणी कधी भरायचं. मार्चमध्ये पाच मिनिटं बोललं की मे मध्ये कोणी कोणाच्या दारात ओरडत नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोरं खोल्या तशाच टाकून गावी गेले. एप्रिलमध्ये सरकारनं किरायाची वसुली किमान तीन महिने पुढं ढकला म्हणून सांगितलं होतं, पण पुढं ढकललेला पैसा शेवटी येणार कसा हे तर बोलूनच ठरवावं लागते. आम्ही घरोघरी फोन केले, जिथं मालक स्वतः "घरी सगळे बरे आहेत का" असं विचारून बोलले तिथं हप्ते ठरले अन् पैसेही आले. जिथं फक्त "किराया कधी देता" एवढा मेसेज गेला त्या खोल्यांचं कुलूप बरेच महिने निघालं नाही.

अ‍ॅग्रीमेंटचं थोडक्यात सांगते, ते लेखी अन् रजिस्टर करणं मालकाचीच जबाबदारी आहे, नाही केलं तर वादात अटींबद्दल किरायेदार जे म्हणेल तेच आधी धरलं जाते. अन् डिपॉझिट कापायचं असलं तर घर सोडायच्या आधी सोबत फिरून भिंती दाखवा, नंतर फोनवर आकडा सांगू नका.

डुप्लिकेट चाव्या आता ऑफिसच्या कपाटात लिफाफ्यात असतात, लिफाफा चिकटवून त्यावर किरायेदाराची सही. काढायची वेळ आली की आधी त्यांनाच फोन लागतो.